'फोन बंद आहे' म्हणजे नेमकं काय बंद आहे?

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला असाल. आजचा विषय तुमच्या ऑफिसच्या टेबलावरच आहे. तो काळा, वायरवाला, बटणांचा फोन. आपण सगळे मोबाइलवाले, त्यामुळे त्याच्याकडे बघतही नाही. पण तो बंद पडला की सगळं ऑफिस एका माणसाकडे वळून बघतं. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा!" तो माणूस बऱ्याचदा ऑफिसातला सगळ्यात नवा असतो. आजचा भाग त्याच्यासाठी आहे, आणि दिवसभर फोनवर बसून ज्यांना बोलणी खावी लागतात त्या रिसेप्शनवाल्यांसाठी सुद्धा.

मी नाशिकमध्ये छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करते. दवाखाने, सीएची ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, लहान कारखाने. त्यांच्याकडून माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांची असते, "फोन बंद." आणि गंमत म्हणजे त्या दोन शब्दांमागे निदान सात-आठ वेगवेगळे आजार असू शकतात. पोटात दुखतंय एवढं सांगून डॉक्टर औषध देईल का? कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे तो विचारणारच. फोनचंही तसंच आहे. योग्य प्रश्न विचारले की अर्धं काम तिथेच होतं.

हा फोन दिसतो तसा नाही

आधी एक गोष्ट पक्की करू. जुना लँडलाइन आठवतो? लाइट गेली तरी तो चालायचा. कारण त्याला वीज घरातून मिळतच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्यांमधून, त्याच तांब्याच्या तारेवरून, साधारण ४८ व्होल्ट यायचे.

आयपी फोन दिसायला त्याचा धाकटा भाऊ वाटतो, पण आतून तो छोटा कॉम्प्युटर आहे. त्याला वीज लागते, नेटवर्कवरचा पत्ता लागतो, लॉगिन आणि पासवर्ड लागतो. तुमच्या मोबाइलसारखी त्याचीही प्रणाली वेळोवेळी अपडेट होते. म्हणून तो बंद पडतो तेव्हा कॉम्प्युटरसारखा बंद पडतो, म्हणजे टप्प्याटप्प्याने. आधी वीज, मग नेटवर्क, मग लॉगिन, आणि शेवटी आवाज. एखादी पायरी तुटली की तिच्या वरचं सगळं कोसळतं. त्यामुळे तपासायचं नेहमी खालून वर.

आणि दुसरी गोष्ट, जी समजली की हा विषय निम्मा सोपा होतो. आयपी फोनवरचा एक कॉल म्हणजे खरं तर दोन वेगळे प्रवास असतात.

लग्न जुळवणारे काका असतात बघा. ते दोन्ही घरांना निरोप देतात, भेट ठरवतात, पत्ते देतात. पुढचं बोलणं मात्र ती दोन घरं आपापसात करतात. फोनमध्ये हे काकांचं काम सिप नावाची पद्धत करते. नंबर लावणं, समोर घंटी वाजवणं, उचलला का ते कळवणं, कॉल संपवणं, हे सगळं सिपचं. तिचं आजचं रूप २००२ मध्ये ठरलं. आणि खरा आवाज वाहून नेणारी पद्धत वेगळी, तिचं नाव आरटीपी. सिप साधारणपणे ५०६० नंबरच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून जाते. आवाज भलत्याच दारांमधून जातो आणि ती दारं प्रत्येक कॉलला नव्याने ठरतात.

आता विचार करा. घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज नाही. म्हणजे काकांनी काम चोख केलं, बोलण्याचा रस्ता अडला. उलट, घंटीच वाजत नसेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये दिवसभर डोकं घालून उपयोग नाही. हा एवढा फरक कळला तरी तुमचे कितीतरी तास वाचतात.

हात लावण्याआधी चार प्रश्न

कोणी "फोन बंद" म्हणालं की लगेच बटणं दाबायला जाऊ नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून घ्या.

पहिला, एकच फोन की सगळे? एकच असेल तर तो फोन, त्याची केबल किंवा त्याचं लॉगिन. सगळे असतील तर स्विच, राउटर, इंटरनेट किंवा सर्व्हर.

दुसरा, येणारे कॉल की जाणारे? की आतल्या आत, म्हणजे एका एक्स्टेंशनवरून दुसऱ्यावरही लागत नाही?

तिसरा, कायम होतं की अधूनमधून? अधूनमधून असेल तर किती वाजता, आणि कॉल तुटत असेल तर किती सेकंदांनी? "थोड्या वेळाने तुटतो" हे उत्तर चालणार नाही. घड्याळ लावून मोजा. का, ते पुढे सांगते.

चौथा, काल-परवा काय बदललं? नवा राउटर आला? टेबलं हलवली? सीसीटीव्ही बसवला? कोणी साफसफाई करताना वायर काढून परत लावली? याचं पहिलं उत्तर कायम "काहीच नाही" असं येतं. चहा होईपर्यंत थांबून परत विचारा.

आणि एक सूचना, अगदी हात जोडून. रीस्टार्ट आणि फॅक्टरी रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे फोनला झोपवून उठवणं. फॅक्टरी रीसेट म्हणजे त्याची स्मरणशक्तीच पुसणं. सर्व्हरचा पत्ता, एक्स्टेंशन, पासवर्ड, सगळं गेलं. काही ऑफिसांत फोन हे सगळं पुन्हा आपोआप खेचून आणतो, काही ठिकाणी ते हाताने भरावं लागतं आणि तो पासवर्ड कोणाकडेच नसतो. म्हणून सेटिंगचे फोटो काढल्याशिवाय रीसेटकडे बोटही नेऊ नका.

पहिली पायरी : वीज आणि वायर

फोनची स्क्रीन काळी आहे? मग त्याला वीज मिळत नाहीये. बऱ्याच ऑफिसांत फोनला वेगळा चार्जर नसतोच. लॅन केबलमधूनच वीज येते. याला पीओई म्हणतात. याचं पहिलं प्रमाण २००३ मध्ये आलं, आणि त्यात स्विचच्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट देता येतात. पण प्रत्येक स्विच वीज देत नाही. आणि जो देतो त्याची एकूण वीजही ठरलेली असते. सोळा पोर्टच्या स्विचवर फोन आणि कॅमेरे मिळून सगळे पोर्ट भरले, तर शेवटी लावलेल्या उपकरणाच्या वाट्याला काही उरत नाही. त्यामुळे नवा कॅमेरा बसला आणि कोपऱ्यातला फोन गेला, असं ऐकलं की आधी स्विचकडे बघा.

मग केबल. तिच्या टोकाची ती प्लॅस्टिकची छोटी क्लिप तुटली की केबल लागल्यासारखी दिसते, पण टेबल हललं की निसटते. "फोन आपोआप बंद-चालू होतो" या तक्रारीचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे. नवीन पॅच कॉर्ड लावायची आणि विषय संपवायचा. लांब केबल ओढली असेल तर १०० मीटरची मर्यादा लक्षात ठेवा. शेडच्या दुसऱ्या टोकाला एकच केबल ताणून नेली की त्रास ठरलेला.

आता फोन उलटा करा. मागे दोन सारखी दिसणारी खाचं असतात. एक नेटवर्कसाठी, भिंतीतून येणारी केबल तिच्यात जाते. दुसरीवर पीसी असं लिहिलेलं असतं, ती तुमच्या कॉम्प्युटरसाठी. टेबल हलवताना कोणीतरी उत्साहाने दोन्ही खाचांमधल्या केबल भिंतीत लावल्या की काय होतं? नेटवर्कमध्ये गोल चक्कर तयार होतं. तोच डेटा गरगर फिरत राहतो आणि स्विच साधा असेल तर अख्ख्या ऑफिसचं नेट बसतं. एका फोनच्या एका वायरीने! म्हणून "सगळंच बंद पडलं" आणि "आज टेबलं हलवली" ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की आधी फोनची पाठ बघा.

हँडसेटची गुंडाळीची वायरही तपासा. हँडसेट आणि हेडसेट यांच्या खाचा शेजारी-शेजारी आणि अगदी सारख्या असतात. वायर चुकीच्या खाचेत गेली की रिसीव्हर उचलून काहीच ऐकू येत नाही. स्पीकरवर आवाज येतो का बघा. येत असेल तर नेटवर्क ठीक आहे, दोष या वायरीत. आणि म्युट, हेडसेट आणि डीएनडी ही तीन बटणं बघा. डीएनडी म्हणजे 'त्रास देऊ नका'. फाइल ठेवताना ते दाबलं जातं आणि मग दिवसभर त्या फोनला खरंच कोणी त्रास देत नाही.

दुसरी पायरी : पत्ता मिळाला का?

स्क्रीन चालू आहे, पण फोन लागत नाही. फोनच्या मेनूत जाऊन स्टेटस उघडा आणि आयपी पत्ता वाचा. सगळे शून्य असतील किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा काही असेल, तर फोनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही. म्हणजे केबल, स्विच किंवा पत्ते वाटणारा डीएचसीपी. फोनचं लॉगिन तपासण्यात अजून अर्थ नाही.

मोठ्या ऑफिसांत फोनसाठी वेगळी आभासी वाट ठेवलेली असते, तिला व्हीलॅन म्हणतात. एकाच रस्त्यावर बसची वेगळी लेन असावी तसं. अशा ठिकाणी फोन उचलून दुसऱ्या टेबलावर नेला आणि तिथल्या पोर्टला ही लेन दिलेली नसेल, तर तो तिथे चालत नाही, मूळ जागी चालतो. मग बिचाऱ्या फोनला दोष.

इथे अदलाबदलीची युक्ती कामाला येते. शेजारचा चालणारा फोन आणून या टेबलावर लावा. तोही बंद पडला तर दोष जागेचा. तो चालला तर दोष आधीच्या फोनचा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. फोन, केबल आणि पोर्ट तिन्ही एकदम बदललं आणि चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि ती खराब केबल ड्रॉवरमधून परत कधीतरी बाहेर येईल.

तिसरी पायरी : रजिस्ट्रेशन

पत्ता मिळाला. आता फोन सर्व्हरकडे हजेरी लावतो, "मी एक्स्टेंशन २०५, मी इथे आहे." याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ते झालं नाही की स्क्रीनवर लाल खूण किंवा 'नो सर्व्हिस' असं काहीतरी येतं. कधी आकडाही दिसतो, आणि तो आकडा फुकटचा साक्षीदार आहे. ४०३ म्हणजे सर्व्हर भेटला पण त्याने नकार दिला, लॉगिन किंवा परवानगी बघा. ४०४ म्हणजे असं एक्स्टेंशनच त्याला माहीत नाही. ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही, रस्ता अडलाय. ५०३ म्हणजे सर्व्हर स्वतःच आजारी, पुरवठादाराला फोन करा. सर्व्हरच्या नोंदींमध्ये ४०१ दिसलं तर लगेच घाबरू नका. "पासवर्ड दाखव" असं सर्व्हर आधी विचारतो, तेव्हा तो आकडा येतोच. तोच सारखा येत राहिला तर मात्र पासवर्ड चुकलाय.

फोनवरचं घड्याळही बघा. तारीख भलतीच असेल, तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र फोनला कालबाह्य वाटतं आणि तो जोडायलाच नकार देतो. वेळ दुरुस्त केली की फोन सुरू, असं मी पुष्कळदा बघितलंय.

आणि एका फोनमध्ये चुकीचा पासवर्ड पडून राहिला, तर तो दर थोड्या वेळाने दार ठोठावत राहतो. सर्व्हरला वाटतं कोणी चोर आहे. तो तुमच्या ऑफिसचा पत्ताच बंद करतो आणि एका फोनपायी सगळे फोन झोपतात. अशा वेळी आधी तो फोन शोधून वायर काढा, मग पुरवठादाराला बंदी उठवायला सांगा.

रिसेप्शनवरच्या ताई फोन उचलत नाहीत?

आता एक प्रसंग सांगते, कारण या कामात खरं काय पणाला लागतं ते त्यातून कळतं.

एका दवाखान्यातून फोन आला. तक्रार फोनची नव्हती, माणसाची होती. "आमच्या रिसेप्शनवरच्या ताई कॉल घेत नाहीत. पेशंट सांगतात, चार-चार वेळा लावला, कोणी उचलत नाही." ताई म्हणत होत्या, घंटी वाजलीच नाही. फोनवर मिस्ड कॉलही नव्हता. त्यांनी बाहेर फोन लावला की तो मात्र व्यवस्थित लागायचा. म्हणजे फोन चालू आहे, मग दोष कोणाचा? ताईंचा! त्या महिन्याचा पगार कापायची भाषा सुरू झाली होती.

मी ताईंना सांगितलं, तुम्ही एक कॉल बाहेर लावा आणि ठेवा. लगेच मी माझ्या मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर लावला. घंटी वाजली. मग आम्ही दहा मिनिटं फोनला हात लावला नाही आणि मी पुन्हा लावला. माझ्या कानात घंटी वाजत होती, टेबलावरचा फोन गप्प. ताई माझ्याकडे बघत होत्या, डॉक्टर फोनकडे.

कारण असं. ऑफिसचा राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. आतून कोणी बाहेर गेलं की तो लक्षात ठेवतो, आणि त्याच्यासाठी आलेल्याला आत सोडतो. पण बराच वेळ काही हालचाल झाली नाही की तो ती नोंद पुसतो. काही राउटर हे अर्ध्या-एक मिनिटातच करतात. फोनची पुढची हजेरी एका तासाने ठरलेली होती. मधल्या वेळात सर्व्हरकडून येणारा प्रत्येक कॉल गेटवरूनच परत. फोनपर्यंत काही पोचलंच नाही, तर मिस्ड कॉल दिसणार कसा?

उपाय साधा होता. फोनच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' चालू केलं, म्हणजे दर काही सेकंदांनी फोन वॉचमनला हात दाखवत राहतो. पुरवठादाराकडून त्या आठवड्याच्या कॉलच्या नोंदी मागवल्या. कॉल आला, फोनकडून उत्तर नाही, असं त्यात वेळेसकट दिसत होतं. त्या कागदाची एक प्रत ताईंनी मागून घेतली.

म्हणून मी म्हणते की मोजा, लिहा, नोंद मागा. फोन बिघडला तर फोनला कोणी काही बोलत नाही. बोलणी माणूस खातो. तपासणी नीट केली नाही तर त्या माणसाला आपली बाजू मांडायला काहीच उरत नाही.

चौथी पायरी : आवाज

आता आवाजाच्या तक्रारी. सगळ्यात प्रसिद्ध, एकतर्फी आवाज. "माझं त्यांना ऐकू जातं, त्यांचं मला नाही." पार्सलवर फक्त 'फ्लॅट ३०२' लिहिलं, सोसायटीचं नावच नाही, तर ते येईल का? तुमचा फोन समोरच्याला सांगतो, "माझा आवाज १९२.१६८ वगैरे पत्त्यावर पाठव." हा आतला पत्ता आहे, घरोघरी असाच असतो. बाहेरून तिथे पोचता येत नाही. सर्व्हर हुशार असेल तर तो खरा पत्ता ओळखतो. पण राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते, ती मदत करायच्या नादात निरोपातले पत्ते स्वतःच बदलते आणि बऱ्याचदा घोळ घालते. राउटरमध्ये ती बंद करा, राउटर रीस्टार्ट करा, मग परत बघा. नव्या राउटरनंतर त्रास सुरू झाला असेल तर पहिला संशय हिच्यावर.

पण घाईघाईने राउटरमधून फोनची दारं सगळ्या जगाला उघडून देऊ नका. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधत फिरणारे लोक आहेत. ते सुट्टीच्या दिवशी तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल करतात आणि बिल तुम्हाला येतं. फोनचा मूळ 'अ‍ॅडमिन' पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

आता घड्याळाचं कोडं. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो? तो योगायोग नाही. कॉल उचलल्यावर "मिळालं, पोचलं" अशी एक पावती परत जावी लागते. ती आली नाही तर सिपच्या नियमाप्रमाणे ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडून दिला जातो. म्हणजे निरोपाचा रस्ता एका बाजूने अडलाय, पुन्हा राउटर किंवा एसआयपी एएलजी. आणि १५ किंवा ३० मिनिटांनी नेमका तुटत असेल, तर "अजून आहात ना?" ही मधली विचारपूस अडते आहे, ती सेशन टायमरची भानगड. दर वेळी वेगवेगळ्या वेळी तुटत असेल, तर केबल किंवा नेट. बघा, एका घड्याळाने तीन आजार वेगळे केले.

आवाज तुटतो, रोबोटसारखा येतो? इथे सगळे म्हणतात, "आमचं नेट १०० एमबीपीएसचं आहे." अहो, पण एका कॉलला लागतं किती? जी ७११ या नेहमीच्या पद्धतीत एका दिशेला साधारण ९० किलोबिट. दहा कॉल एकदम चालले तरी एका एमबीपीएसच्या आत. अडचण वेगाची नसते, वेळेवर पोचण्याची असते. आवाज दर सेकंदाला साधारण ५० छोट्या पुड्यांमध्ये जातो. दूध पाच मिनिटं उशिरा आलं तर चालतं, पण बोलताना शब्द उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो. पुड्या कमी-जास्त वेळाने येणं, याला जिटर म्हणतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. पिंग जाऊन-येऊन वेळ मोजतो, म्हणून ३०० च्या खूप आत हवं आणि आकडे एकसारखे हवेत. २०, २२, २१ चांगलं. २०, १८०, ४०, ३५० वाईट.

मग अकरा वाजताच आवाज का तुटतो? बघा, तेव्हा कोणाचा बॅकअप वर चढतोय का, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातंय का. अपलोडची वाट भरली की आवाजाच्या पुड्या रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस लावून आवाजाला पुढे जाऊ द्या, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट देतो तसं. बॅकअप रात्रीवर ढकला. आणि फोन वायफायवर असेल तर आधी वायरवर आणा.

आपलाच आवाज परत ऐकू येतो? बहुतेक वेळा तो घुमतो समोरच्याकडे, त्याच्या स्पीकरमधून माइकमध्ये. त्याला स्पीकर कमी करायला किंवा रिसीव्हर उचलायला सांगा. आणि "मराठीसाठी एक दाबा" असं सांगणारी बाई तुमचं बटण ऐकतच नसेल, तर डीटीएमएफची पद्धत फोन आणि सर्व्हर दोघांकडे सारखी आहे का ते तपासा.

लाइट गेल्यावर

सुरुवातीला जुन्या लँडलाइनबद्दल बोललो ते आठवा. आयपी फोनला ती सोय नाही. लाइट गेली की स्विच गेला, राउटर गेला, फायबरचा डबा गेला. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण भिंतीवरच्या या तीन डब्यांना कित्येक ठिकाणी नसतो. त्यांना फार वीज लागत नाही, एक छोटा यूपीएसही बराच वेळ तग धरतो. ऑफिस ऑफलाइन झालं की कॉल आपोआप एका मोबाइलवर जातील, अशी सोय पुरवठादाराकडे आधीच लावून ठेवा. ती सर्व्हरवर असते, म्हणून ऑफिस अंधारात असतानाही चालते.

आणि ११२. बऱ्याच ऑफिसांत बाहेर फोन लावायला आधी ० किंवा ९ दाबावं लागतं. आग लागली, कोणी कोसळलं, तर घाबरलेल्या माणसाला ते आठवेल का? तुमच्या फोनवरून नुसतं ११२ लागतं का आणि तो कॉल कोणत्या पत्त्याच्या नावाने जातो, हे पुरवठादाराला लेखी विचारा. गंमत म्हणून लावून बघू नका. तोवर फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवा, "तातडीच्या वेळी मोबाइलवरून ११२."

तक्रार कशी लिहायची

शेवटी, पुरवठादाराला "फोन चालत नाही, लवकर बघा" असा मेसेज पाठवला तर उत्तर येतं "रीस्टार्ट करा". त्याऐवजी असं लिहा :

"एक्स्टेंशन २०५. आज सकाळी १०.४२ ला बाहेरच्या मोबाइलवर कॉल. त्यांना आमचा आवाज गेला, आम्हाला त्यांचा नाही. ३२ सेकंदांनी तुटला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. २०६ आणि २०७ वरही हेच. आतल्या आत कॉल ठीक. काल राउटर बदलला. एसआयपी एएलजी बंद करून बघितलं, फरक नाही. या कॉलची नोंद तपासून सांगा."

असा मेसेज वाचणाऱ्याला तुमची परीक्षा घेता येत नाही, कामच करावं लागतं.

तर उद्या ऑफिसला गेलात की पाच मिनिटं काढा. स्विच आणि राउटर यूपीएसवर आहेत का बघा. चालू असलेल्या एका फोनच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, पण पासवर्डचा फोटो ग्रुपवर टाकू नका! आणि रिसेप्शनवर जाऊन सहज विचारा, "फोनचा काही त्रास आहे का?" बऱ्याच दिवसांपासून ते कोणी विचारलेलं नसतं.

तुमच्या ऑफिसच्या फोनचा एखादा विचित्र आजार असेल तर कळवा, वेळ आणि सेकंदांसकट बरं का. पुढच्या भागात ऑफिसच्या वायफायबद्दल बोलू. तोवर, ऐकत राहा!